शिळेचं न्हाण

माघ सरत आला होता. पैनगंगेच्या पात्रावर धुक्याची दुलई अजून तशीच पसरलेली, काठच्या पळसांना काळ्या मखमली कळ्या धरलेल्या, तुरी खळ्यात गेलेल्या आणि शेतांतून कापूस वेचलेल्या नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. खाली सगळं निळसर, निद्रिस्त, निःशब्द होतं. वर मात्र, पांढरघाटाच्या टेकडीवर, उजाडलं होतं.

काय ती टेकडी! थरावर थर, थरावर थर. सुगरणीनं भाकरींची चवड रचून ठेवावी तशी युगायुगांची चुनखडी तिथं निवांत पहुडलेली. पहिलं ऊन त्या थरांवर उतरलं की टेकडी आधी दुधाळ व्हायची, मग केतकी, मग क्षणभर अगदी हळदीची, आणि सूर्य हातभर वर आला की पुन्हा आपली पांढरीफटक. रोज एवढा सोहळा, आणि पाहायला कुणी नसे. गुरंही तिकडे फिरकत नसत, कारण तिथं गवत नव्हतं.

त्या उजेडातून दोन माणसं वर चढत होती. पुढे लटारी पाथरवट, खांद्यावर हत्यारांची पिशवी. मागे त्याची बायको भिवरा, डोईवर पाण्याची घागर, कनवटीला कुंकवाची डबी. दोघंही म्हातारी, दोघंही दमलेली. तो चार पावलं चढे आणि थांबे. त्याच्या थांबण्यासरशी ती थांबे. घागरीतलं पाणी डुचमळे आणि निवळे. कुणी कुणाला दमलास का म्हणून विचारत नव्हतं. दमलेल्यानं दमलेल्याला काय विचारायचं?

दिवाळीपासून हेच चाललं होतं.

झालं होतं असं. गेल्या पावसाळ्यात गावच्या महादेवासमोरचा नंदी मानेतून तुटला. लटारीच्या बापानं घडवलेला नंदी तो. पोरांच्या बसण्यानं पाठीवर लकाकी आलेला, बायांच्या कुंकवानं कपाळ काळवंडलेला. एका सकाळी डोमाजी गुरव पूजेला गेला, तर शिर वेगळं, धड वेगळं. खंडित मूर्तीला पूजा नाही. लटारीनं ते शिर मांडीवर घेतलं, तुटलेल्या मानेत कितीतरी वेळ पाहत बसला, आणि मग चौघांच्या हातांनी नंदी नदीत सोडून आला. घरी आल्यावर जेवला नाही. बापाचा हात तुटल्यासारखं वाटत असेल, म्हणून भिवरेनंही आग्रह केला नाही.

महादेवासमोरची बैठक रिकामी राहिली. दिवाळीच्या तोंडावर डोमाजी गुरव घरी आला, ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "लटारी, समोर कोनी नाही बसलं त देवानं पाह्यचं कोनाकडं? श्रावनापर्यंत नंदी दे बाप्पा."

मागणं आलं, पण किती उशिरा आलं! लटारीनं जन्मभर उंबरे घडवले, घाटाच्या पायऱ्या घडवल्या, तुळशीवृंदावनं घडवली, विहिरींचे काठ आणि देवळांचे खांब घडवले. नंदी कधी नाही. गावात बापाचा नंदी असताना दुसरा मागणार कोण? एक नंदी आपल्या हातून व्हावा, एवढीच त्या माणसाची हौस. ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती, आणि भिवरेला सांगावी लागली नव्हती. भाकर थापता थापता ती पाहायची, की हा अंगणातल्या धुळीत बोटानं वशिंड काढतोय, गळ्याखाली लोंबणारी पोळी काढतोय, आणि कुणी आलं की तळहातानं पुसून टाकतोय. ती बघितलं न बघितलं करायची.

आता त्या हातांना कंप सुटला होता. सकाळी छिन्नी धरली की ती आधी थोडी थरथरे, मग स्थिरावे. "एक हिवाळा हाय या हातात," तो म्हणाला होता. "पुढच्याचं सांगता येत नाही."

हात होते, हौस होती, मागणं होतं. दगड नव्हता.

चुनखडीच्या टेकडीवर दगड नव्हता, ऐकणारा हसेल! पण टेकडीच्या पलीकडच्या अंगाला सिमेंटची कंपनी आली होती. दुपारी भोंगा वाजे, मग सुरुंग उडत, आणि थरांच्या पोटापोटातून एक हादरा इकडच्या अंगालाही सरकत येई. शिळा वरून तशाच राहत, गोऱ्यापान, घाटदार, धडधाकट. आत मात्र केसाएवढ्या चिरा पडलेल्या. वरून पाहून गाय घ्यावी, लटारीचा बाप म्हणायचा, दगड घेऊ नये.

म्हणून तर त्यांच्या घराण्यात शिळेच्या न्हाणाची रीत होती. थरातून सुटी केलेली शिळा जशी निजली होती तशीच ठेवायची, आणि तिच्या वरच्या अंगाला गेरूची खूण करायची. जी बाजू भूमीत वर होती तीच देवळातही वर राहिली पाहिजे. दगडाला उलथापालथा बसवला की त्याचे पापुद्रे सुटतात. मग कोवळ्या उन्हात तिला न्हाऊ घालायचं, सर्वांगावरून, घागर रिती होत आली तरी हात आखडता घ्यायचा नाही. आणि वाळू द्यायचं. अंगानं धड असलेली शिळा सगळीकडून सारखी वाळते. जिच्या पोटात चीर आहे, तिची चीर पाणी पिऊन बसते. सारं अंग पांढरं झालं तरी तेवढी एक रेघ मागे उरते, काळी, ओली. उन्हाळ्यात हे कळत नाही, कारण फाल्गुनाचं ऊन खरं आणि खोटं एकाच घोटात पिऊन टाकतं. शिळा पारखायची ती माघ सरेपर्यंत.

पण रीतीतली खरी गोम पुढेच आहे. शिळा वाळत असताना घडवणाऱ्यानं तिच्याकडे पाहायचं नाही. त्यानं पाठ करून बसायचं. पाहायचं ते घरच्या बाईनं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तशी पाथरवटाला नजर नसते. शिळेत जीव अडकला की डोळे त्याला हवं तेच दाखवतात. बाईनं पाहायचं आणि एकच काय ते बोलायचं. 'वाळली' म्हटलं की शिळा लागली, घरची झाली, मग तिनंच पुढे होऊन शिळेला कुंकवाचं बोट लावायचं. 'ओल हाय' म्हटलं की शिळा परकी. त्यावर पुरुषानं ब्र काढायचा नाही.

लटारीच्या बापासाठी हे काम लटारीची माय करायची, कौतिकाबाई. तिनंच भिवरेला शिकवलं. करारी बाई, शब्द मोजून वापरायची आणि मीठही. मात्र नंदीवर तिची विलक्षण माया. दर सोमवारी देवळात गेली की महादेवाआधी नंदीजवळ बसायची आणि त्याच्या मानेवरून हात फिरवायची. गळ्याखालून, वशिंडापासून कानापर्यंत, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. "नवऱ्यानं घडवला ना, म्हनून," गाव कौतुकानं म्हणे. शेवटी शेवटी डोळे गेले, तरी सोमवार चुकला नाही. भिवराच तिला धरून नेई, आणि म्हातारीचा हात अंधारातून नेमका त्या मानेवर जाई.

सासूनं काम शिकवलं, पण त्या कामाचा शीण कसा असतो ते सांगितलं नाही. तो भिवरेला आपला आपण कळला. 'वाळली' म्हणताना तिला आनंद व्हायचा, नाही असं नाही. पण 'ओल हाय'चा भार कुठं उतरतच नव्हता. खांद्यात साठला, हाडांत साठला, जिभेच्या मुळाशी साठला. आणि लटारी कधी रागावला नाही हो! तो उठायचा, धोतर झटकायचा, पिशवी उचलायचा आणि पुढच्या शिळेकडे चालू लागायचा. एकदा तरी त्यानं शिवी हासडावी, एकदा तरी 'तुले दिसत नाही' म्हणावं, म्हणजे तिलाही कमरेला पदर खोचून भांडता आलं असतं. मुक्या माणसाशी भांडायचं कसं? पाणवठ्यावर बाया चेष्टा करत, "भिवरे, तुह्या नवऱ्यानं हत्ती आनला त त्यातबी ओल काढशीन तू!" ती सगळ्यांबरोबर हसायची. घरी येऊन चुलीपुढे बसली की रडू यायचं.

आणि या हिवाळ्यानं तर कळस केला. एक शिळा, एक न्हाण, एक उत्तर. कार्तिकात ओल हाय. मार्गशीर्षात ओल हाय. पौषात दव पडलं, हरभऱ्याला घाटे धरले, संक्रांतीचं वाण वाटून झालं, तरी ओल हाय, ओल हाय. प्रत्येक वेळी तो उठला, त्यानं धोतर झटकलं, पिशवी उचलली. प्रत्येक वेळी ती पिशवी त्याला जराशी जड गेली, आणि ते फक्त तिला दिसलं.

आजची शिळा टेकडीच्या माथ्याखाली होती, एका जुन्या मोहाच्या झाडाशेजारी. मोहाच्या मुळांनी तो थर लेकरासारखा पोटाशी धरून ठेवलेला, म्हणून की काय सुरुंगांचे हादरे तिथवर पोचले नसावेत, असं लटारीचं म्हणणं. काल गावच्या चौघांनी पहारी लावून ती सुटी करून दिली होती. तिळभरसुद्धा डाग नाही, शिरा नाही, खडा नाही. ताज्या लोण्याचा रंग, आणि कडेला कुठं कुठं पुसटशी गुलाबी झाक. भिवरेनं घागर उतरवली आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "अगं माय!"

लटारीनं हातोडीचा हलका टकोरा मारला. शिळा बोलली. खणखणीत, निर्मळ, प्रसन्न असा तो नाद थरांवरून धावत गेला, आणि मोहावरचा पोपटांचा थवा भर्रकन उडाला. लटारी हसला. दिवाळीपासून पहिल्यांदा हसला, आणि हसताना त्याचे पडलेले दात दिसले.

"आयकलं?"

"आयकलं जी."

मग तो माणूस जो बोलत सुटला! कापऱ्या बोटांनी त्यानं शिळेवर हवेतच नंदी मांडला. "हे तोंड. हे वशिंड. पाय असे दुमडले. शेपूट अशी मांडीवर. आन् मान, भिवरे, मान इथून. बाबाचा नंदी सरळ पाह्यचा. माहा जरासा वळून पाह्यन. एक डोया देवाकडं, एक डोया दारातून येनाऱ्याकडं. मानूस आत आलं की त्याले वाटलं पाह्यजे, आपल्याले कोनीतरी पाह्यलं." एवढं बोलून त्याला धाप लागली. त्यानं गेरूचा खडा काढला, शिळेच्या वरच्या अंगाला खूण केली, आणि मग जरा वेळानं, शांतपणे, पुढचं बोलला.

"ही शेवटची. हे चढन आता माह्यानं होत नाही. ही लागली त घडवतो. नाही त हत्यारं देवळात नेऊन ठेवतो, डोमाजीच्या हवाली."

त्यात बोल नव्हता, रुसवा नव्हता, दटावणी नव्हती. हिशेब नव्हता. नुसता थकवा होता. म्हणून तर ते भिवरेच्या काळजात रुतलं. मग तो मोहाच्या मुळावर जाऊन बसला, शिळेकडे पाठ, तोंड नदीकडे.

तिनं घागर उचलली.

पाणी शिळेवरून उतरलं. गोऱ्या पाषाणाचा रंग क्षणात सावळा झाला. धुतला, भिजला, गहिरा झाला. कडांवरून थेंब ठिबकले, खोबणीत तळी साचली, तळ्यांतून इवले इवले सूर्य हलले. वारा नव्हता. पळसाच्या कळ्या हलत नव्हत्या. भिवरा पदर सावरून उकिडवी बसली, आणि तिनं आपले म्हातारे, धुळीनं लालसलेले, पण अजून पक्के असलेले डोळे शिळेवर लावले.

आधी माथा वाळला. एक पांढरा ठिपका उमटला, पसरला, थांबला, पुन्हा पसरला. मग वशिंडाची जागा. मग पाठ. ओलीची सावळी किनार हळूहळू मागे सरत होती, ओहोटी लागल्यासारखी, आणि तिच्या मागोमाग शुभ्रता येत होती. मांडी वाळली, दुमडलेले पाय वाळले, तोंड वाळलं. अजून न जन्मलेला नंदी अंगाअंगानं कोरडा होत होता. लाग बाई, भिवरा मनात म्हणत होती. एवढी एक लाग. लाग माझे आई.

आणि मग मान वाळली. सगळी वाळली. एक रेघ सोडून.

केसाएवढी. वळशाची, नाजूक, काळीशार. जिथून मान वळणार होती, अगदी तिथूनच आडवी गेलेली. भिवरेनं डोळे मिटले, उघडले. रेघ तिथंच होती. तिनं मान तिरकी करून पाहिलं, पदरानं डोळे पुसून पाहिलं, श्वास रोखून पाहिलं. सबंध शिळा हाडासारखी कोरडी झाली तरी ती रेघ होती तशीच ओली राहिली.

समोर लटारीची पाठ होती. काय होतं त्या पाठीत? दोन वाकलेले खांदे, बंडीवर पडलेलं ठिगळ, मानेवर सुटलेली कातडी. जन्मभर तिनं हीच पाठ पाहिली होती. प्रत्येक 'ओल हाय'बरोबर ती पाठ किंचित खचलेली तिला आठवत होती, आणि आज खचायला तिच्यात काही उरलेलं नव्हतं. केसाएवढी तर रेघ, भिवरेच्या मनात आलं. कोण पाहतं? छिन्नी सांभाळून चालली तर मान टिकेलही. आपण दोघं मरेपर्यंत टिकली तरी पुष्कळ. देवालाही कळलं तर तो काय म्हणेल, की म्हातारीनं म्हाताऱ्याला एक नंदी दिला. आणि खरं सांगायचं तर तिला तो शब्द पुन्हा उच्चारवतच नव्हता. जीभ उचलत नव्हती.

"वाळली," भिवरा म्हणाली.

लटारी लगेच वळला नाही. तो तसाच बसून राहिला आणि त्याचे खांदे हलू लागले. रडत होता बिचारा. भिवरेनं घाईघाईनं कनवटीची डबी काढली, चिमूटभर कुंकू घेतलं, आणि शिळेपुढे वाकून, बोट टेकवण्याऐवजी, त्या रेघेवरून ते कुंकू ओढलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तो आला. पाठ ताठ करून आला. शिळेला हात जोडले, मग कुंकवाकडे पाहून त्याला हसू फुटलं. "बोट लावाचं असते वं. तू त पूरा मळवट भरला तिचा!"

आणि तेवढ्यात, दोघांच्या देखत, कुंकू पालटू लागलं. कडेचं कुंकू कोरडंच होतं, फिकट, भुरभुरीत. पण मधोमध, केसाएवढ्या जागी, त्यानं ओल प्यायला सुरुवात केली. आधी एक थेंबभर लाल, मग त्याच्याशेजारी दुसरा, मग सरसर सरसर, या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आरक्त, सजल, झळझळीत रेघ शिळेच्या मानेवर उमटत गेली. झाकायला गेली ती, आणि झाकलेलं तिनंच रंगवून दाखवलं.

लटारी बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिला. भिवरा जमिनीकडे पाहत राहिली. तिला वाटलं, आता तरी हा ओरडेल. ओरडला असता तर तिला बरंच वाटलं असतं.

तो खाली बसला. गुडघ्यावर हात ठेवून, हळूच.

"माय बी अशीच बोलली असंन," तो म्हणाला.

भिवरेनं वर पाहिलं.

"नंदीचं शिर मांडीवर घेतलं होतं ना मी, तवा मानेत पाह्यलं. तूट ताजी नव्हती. अर्धी ताजी होती, पांढरी. अर्धी जुनी, तांबूस, ओल मुरून मुरून काळी पडलेली. ते चीर पयल्या दिवसापासूनची होती, भिवरे. मायच्या डोयाले रेघ नाही दिसली, असं होत नाही. बाबा बी तवा दगड शोधू शोधू थकला होता. मायनं त्याले पाह्यलं, आन् वाळली म्हनून टाकलं."

आणि भिवरेला ते सगळे सोमवार आठवले. तो सुरकुतलेला हात आठवला, वशिंडापासून कानापर्यंत, गळ्याखालून, पुन्हा पुन्हा. माया कसली, आणि भक्ती कसली! म्हातारी चाचपून पाहत होती. मान अजून धड आहे ना, चीर वाढली तर नाही ना, म्हणून दर सोमवारी बोटांनी विचारत होती. डोळे गेले तरी तिचं ते विचारणं थांबलं नव्हतं.

"नंदी टिकला," लटारी म्हणाला. "माय मरेपर्यंत टिकला. पन मायच्या जिवाले स्वस्थता नव्हती, ते मले आता कळते. तुले मी तसं नाही जगू देनार. नंदी नसला त नसला."

मग मात्र भिवरेचा बांध फुटला. तिनं शिळेच्या कडेला डोकं टेकलं आणि ती रडली, मोठ्यानं, लाज सोडून. माहेरून निघालेल्या पोरीसारखी रडली. "थकली जी मी," ती म्हणत होती. "नाही म्हनू म्हनू थकली. तुमी नुसते उठून चालू लागा, आन् मले वाटे, आज बी मीच यांच्या तोंडचा घास काढला."

इतक्या वर्षांत हे लटारीच्या मनाला शिवलंच नव्हतं. पाठ करून बसणं हेच अवघड, असं तो समजून चालला होता.

"मले वाटे," तो चाचरत म्हणाला, "शोधनाराच थकते."

तो उठला. त्यानं तिला दंडाला धरून उठवलं आणि मोहाच्या मुळावर, आपल्या जागी नेऊन बसवलं, तोंड नदीकडे, पाठ शिळेकडे. "बस इथं. वळू नको." घागरीत राहिलेलं पाणी त्यानं शिळेच्या सर्वांगावर ओतलं. कुंकू वाहून गेलं. लालसर ओघळ थरांच्या पायऱ्या उतरत मातीत जिरला. आणि जिथं भिवरा बसायची तिथं, उकिडवा, लटारी बसला.

जन्मात पहिल्यांदा तो शिळा वाळताना पाहत होता. सावळ्यातून पांढरं कसं उगवतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. ओलीची किनार कशी मागे मागे सरते, तळ्यांतले सूर्य एकेक करून कसे विझतात, दगडाचा श्वास कसा दिसतो, काहीच ठाऊक नव्हतं. एवढं देखणं हे, आणि दर वेळी हिनं एकटीनं पाहिलं! त्याचा नंदी त्याच्या डोळ्यांदेखत वाळत गेला. माथा, वशिंड, पाठ, मांडी, तोंड. वळलेल्या मानेपाशी ती रेघ उरली. बारीक, काळी, निमूट. ती वाळावी म्हणून तो पुढे झुकला. त्यानं वाट पाहिली. खूप वाट पाहिली. ज्या शब्दाला तो जन्मभर पाठीवर घेत आला होता, तो जिभेवर घ्यायला किती जड असतो, ते त्याला तेव्हा कळलं.

"ओल हाय," लटारी म्हणाला.

भिवरेच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. ती उठली, तिनं लुगडं झटकलं, हत्यारांची पिशवी उचलली आणि चालू लागली. रिकामी घागर घेऊन लटारी तिच्या मागे निघाला.

उतरताना तिनं विचारलं, "डोमाजीले काय सांगाचं?"

"सांगू," तो म्हणाला. "देवाले म्हना, दारातून येनाऱ्याकडं आता तूच पाह्य. मधी कोनी नाही."

खाली धुकं उठलं होतं. पैनगंगा दिसू लागली होती, पळसाची एखादी कळी उकलू लागली होती, आणि दोन थकलेली माणसं एकाच्या पावलाशी दुसऱ्याचं पाऊल टेकत थर उतरत होती. वर, मोहाशेजारी, ती शिळा जशी निजली होती तशीच निजून राहिली. पुढे ऊन तापलं. रेघेची ओल आटत गेली, आटत गेली, आणि ती रेघही वाळली, तेव्हा पाहायला तिथं कुणी नव्हतं.